मास्तरांचा दिगू कुठे बसतो

डोंबिवली, कार्तिक वद्य ३, शके १८०७

अक्का,

नमस्कार. साष्टांग घालायला इथे जागा नाही, ओटीभर भात वाळत पडलाय. उभ्यानेच केला असं समज.

मी ठाण्यास नाही. वकिलाकडची नकला उतरवायची नोकरी सुटली. एका दुपारी शाई आणायला म्हणून बाहेर पडलो, तर खाडीवर एक नवं गलबत पाण्यात ढकलत होते. ते पाण्यात जाईपर्यंत थांबलो. परत गेलो तेव्हा माझ्या जागी दुसराच बसला होता. त्याचं अक्षर माझ्याहून बरं होतं, म्हणून भांडलो नाही.

मग तुझ्याकडेच कल्याणला निघालेलो, रेल्वेच्या कडेकडेने चालत. डोंबिवलीपाशी एक माणूस होडी उपडी घालून तिच्या फटींत काथ्या ठोकत बसला होता. मी विचारलं, ठोकू का? तो म्हणाला, ठोक. त्याचं नाव महिपत. आगरी आहे, भातशेती करतो आणि खाडीत होडी घालतो. त्या काथ्याला आता महिना होत आला. माझं अन्न मीच शिजवतो, तेव्हा धर्माची काळजी नको. पोटाची कर, कारण भाताची रोज खिमट होते.

आता खरी गोष्ट. महिपतच्या पोराला, काळुरामला, मी होडीच्या बुडावर कोळशाने अक्षरं काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी आणखी चार पोरं आली. तुला ठाऊक आहे, मी चौथीपुढे गेलो नाही. पण चौथीपर्यंतचं सगळं माझ्याजवळ अजून कोरं पडलंय, वापरलंच नव्हतं.

शाळाखात्याचे डिपुटी मागे घोड्यावरून इथून गेले, तेव्हा लोकांनी त्यांना अडवून विचारलं, सारा भरताना आम्ही शाळेची पट्टी भरतो, मग शाळा कुठे आहे? डिपुटी म्हणाले, जागा द्या, फाल्गुनात मी फिरतीवर येईन तेव्हा पंचवीस पोरं बसलेली दाखवा, की सरकारी शाळा मंजूर करा असं लिहितो. जागा झाली. महिपतने गुरांचा एक गोठा रिकामा करून दिला. पोरं मात्र नऊ. खुद्द महिपतनेच काळुरामचं नाव अजून दिलेलं नाही. होडीच्या बुडावर शिकणं वेगळं, म्हणतो, आणि सरकारच्या कागदावर चढणं वेगळं.

तेव्हा मी भाऊजींचं नाव काढलं. म्हटलं, आमचे मेहुणे कल्याणच्या सरकारी शाळेचे हेडमास्तर आहेत, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच शाळेत पहिल्या रांगेत बसतो. माना हलल्या. लोकांना तेच ऐकायचं होतं.

भाऊजींकडे जुने तक्ते असतील तर पाठव. दिगूला सांग, मामाला होडी वल्हवता येते. सरळ जात नाही, पण जाते.

तुझा
रघू

*

कल्याण, कार्तिक वद्य ८

रघू,

अनेक आशीर्वाद, आणि एकदा कान पिरगाळला आहे तो वेगळा. वकिलाकडे तुला चिकटवायला यांनी चार ठिकाणी शब्द टाकला होता. यांना मी अजून सांगितलेलं नाही. तू गावात शाळा घालतो आहेस एवढंच सांगितलं, तर हे जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "कोण? आपला रघुनाथ?" मग फार खूश झाले. बाराखडीचा तक्ता आणि अंकांचा तक्ता टपालवाल्याबरोबर पाठवते आहे. कडा उंदराने खाल्ल्या आहेत, अक्षरं शाबूत आहेत.

खिमट होते कारण तू पाणी अंदाजाने घालतोस आणि अंदाज तुझा कधीच बरोबर नसतो. तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल एवढंच पाणी घाल.

दिगू बरा आहे. मुंजीनंतर उंच झालाय. घरच्या गोष्टी गावभर सांगत जाऊ नकोस, माणसं त्यातून काय काय काढतील.

मंदाकिनी

ता. क. यांच्या हातचं: रघुनाथरावांस कळवावे की विद्यार्थ्यांस प्रथम बसण्याची शिस्त लावावी, नंतर अक्षरे. उपक्रम स्तुत्य आहे.

*

डोंबिवली, मार्गशीर्ष शुद्ध ३

अक्का,

तक्ते पोचले, पण ते बघायला आता फारसं कोणी नाही. नऊची पाच झाली. का ते लिहितो, आणि या खेपेस मधे कुठे भरकटणार नाही.

परवा पाडव्याला महिपत होडीत पेंढा भरून कल्याणच्या बंदरावर गेला. पेंढा विकून झाला आणि मग, तो माणूस तसाच आहे, विचारत विचारत तुमच्या शाळेत गेला. भाऊजी वर्गावर होते. हा दाराशी उभा. पुढचं सगळं त्याने ओटीवर बसून दहाजणांसमोर सांगितलं.

"मी बोललो, मास्तर, रामराम. रघूभटानं सांगितलं तुमचा पोर पहिले रांगेत बसतंय. मना दाखवा, कंचा तो. तर मास्तर फळा पुसाया लागला. पोरांतलाच एक हसून बोलला, तो हितं नसतो, तो शास्त्रीबुवाच्या पाठशाळेत असतो. मी मास्तरला विचारलं, खरं कं? मास्तर बोलला, खरं, त्याच्या आईचा नवस हाय. मी बोललो, बरं, येतो."

एवढं सांगून महिपतने विडी पेटवली आणि माझ्याकडे बघितलं. अक्का, तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याची बायको हौसाबाई आतून म्हणाली, "भटाची काय चूक? त्याला त्याचे घरचंच ठाव नाय." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

मग महिपत म्हणाला, "सरकारी शाळा एवढी चांगली, तर मास्तर आपला पोर तिथं का नाय बसवत? शास्त्रीबुवा आमचे पोरांना दारात उभं करल कं? नाय करणार. तुमचे पोराला दोन जागा. ही नाय आवडली, ती. आमचे पोराला ही एकच. मग ती कशी हाय, ते मना खरं सांगाया नको?"

याचं उत्तर तुला सुचतंय का बघ.

आणि नवसाचं मला सांगू नकोस. दिगू तापाने फणफणला होता तेव्हा शेजारणी म्हणाल्या, टिटवाळ्याच्या गणपतीला बोल. तू म्हणालीस, गणपतीला माझ्या मुलाच्या तापाखेरीज कामं आहेत, आणि काढा उकळलास. मी तिथेच बसून भाजके शेंगदाणे खात होतो. तू नवस बोलणारी नाहीस.

मला खोटं पाडलंस म्हणून राग नाही. मला का नाही सांगितलंस, म्हणून आहे.

रघू

*

कल्याण, मार्गशीर्ष शुद्ध ७

रघू,

तुझं पत्र वाचून ठेवलं, परत वाचलं. बोललास ते बरोबर आहे. नवस नाही.

यांना तू ओळखतोस. कोणाच्या शेतावर जाऊन, कोणाच्या भट्टीवर उभं राहून हे मुलं शाळेत आणतात. वहाणांचे तळ दर पावसाळ्याआधी झिजतात. पण एक गोष्ट यांच्या मनात पहिल्या दिवसापासून बसली आहे, की हेडमास्तरचा मुलगा वर्गात असला की लोक म्हणणार, आपल्या मुलाला पाठीशी घालतो. तसं कोणी म्हणू नये म्हणून यांनी एक रीत घातली. वर्गात गडबड झाली की छडी आधी दिगूला. त्याने केली असो वा नसो. यांचं म्हणणं, सुरुवात घरापासून केली म्हणजे बाकीच्यांना बोलायला जागा राहत नाही. प्रश्न विचारायचा झाला की सगळ्यांत कठीण तो दिगूला. डिपुटी आले की पहिला उभा दिगू.

मुलंच ती. त्यांच्या लवकरच लक्षात आलं, की मागून कोणी मांजराचा आवाज काढला तरी पहिली छडी दिगूच्या हातावर पडते. मग मांजरं फार झाली वर्गात.

दिगू मला काही बोलला नाही. तो बोलेनासाच झाला. एक दिवस पानावर बसला आणि पाणी हवं होतं, तर त्याने तांब्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, तोंडाने माग. त्याने मान खाली घातली आणि पाण्यावाचून जेवला. रघू, तो मुका झाला असता तर मी देवाला दोष दिला असता. इथे कोणाला देऊ?

यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग बाकीच्यांना मारू आणि याला सोडू? आणि ते त्यांच्या जागी खरं वाटून म्हणाले असते, म्हणून तर मला भीती. हे ठाण्यास परीक्षांना गेले होते तेव्हा मी नारळ घेऊन शास्त्रीबुवांकडे गेले. म्हटलं, मुंज झाल्यावर वर्षभर संथा देववीन असं बोलले होते, ते राहिलं. हे परत आले तेव्हा नवसाला आडवे आले नाहीत. देवाधर्माच्या बाबतीत घरात माझं चालतं, तेवढंच चालतं.

शास्त्रीबुवांचं वय झालंय, ऐकू कमी येतं. ते मुलांना म्हणतात, मोठ्याने म्हणा रे, मला ऐकू येत नाही. दहा मुलं एका सुरात म्हणतात, त्यात दिगू म्हणतो. आता घरीही बोलतो. पण पाढे विसरत चाललाय, पावकी तर गेलीच. तेही मला दिसतंय. वेद म्हणून कारकुनी मिळत नाही आणि भिक्षुकी त्याच्या बापाला चालायची नाही.

महिपतला माझं उत्तर नाही. त्याने विचारलं ते मीही विचारलं असतं. हे पत्र जाळ.

मंदाकिनी

*

डोंबिवली, मार्गशीर्ष शुद्ध १०

अक्का,

पत्र चुलीत घातलं. त्यावर भात शिजला, पेर मोजून पाणी घातलं होतं, मोकळा झाला.

ऐक. पाठशाळेला अनध्याय कधी असतो? चौदस, मग पौर्णिमा नाहीतर अवस, मग पाडवा, आणि मधे अष्टमी. म्हणजे पंधरवड्यातून तीन दिवस सलग दिगूला सुट्टी. बरोबर? मी हे ओटीवर सहज बोललो, तर महिपत म्हणाला, "हे तर आमचं उधाण." खाडीला मोठं पाणी अवस-पुनवेला येतं, तेव्हाच भरलेली होडी कल्याणच्या बंदरापर्यंत जाते. म्हणजे ज्या दिवशी शास्त्रीबुवा वेद झाकून ठेवतात, त्याच दिवशी महिपतची होडी तुमच्या दारी लागते. सरकारच्या रविवाराचं हिला काही घेणं नाही. हौसाबाई म्हणाली, तुमचे बामनांनी आमचं पाणी बघूनच सुट्टी ठरवली असंल.

दिगूला चौदशीच्या दुपारी ओहोटीबरोबर इकडे पाठव. पाडव्याला भरतीबरोबर परत पोचवतो. दोन रात्री माझ्याजवळ राहील, मी रांधीन ते खाईल. या गोठ्यात पावकी-निमकी घोकेल. इथे त्याचा बाप मास्तर नाही, मामा मास्तर आहे, आणि मामाला कोणी मास्तर समजत नाही. छडी माझ्याकडे नाहीच. होती ती होडीतला गाळ ढवळायला गेली.

मला यात माझंही दिसतंय, ते लपवत नाही. हेडमास्तरचा मुलगा या गोठ्यात बसलेला लोकांनी बघितला तर पोरं परत येतील. पण ते नसतं तरी बोलावलं असतं. पण भाऊजींना खरं सांगावं लागेल, आणि ते मला जमायचं नाही.

रघू

*

कल्याण, मार्गशीर्ष वद्य ११

रघू,

उत्तराला उशीर झाला, कारण आधी करायचं होतं आणि मग लिहायचं होतं.

शास्त्रीबुवांना विचारलं, अनध्यायाला दिगू पाढे म्हणाला तर चालेल का? ते म्हणाले, "काय?" मी ओरडून विचारलं. म्हणाले, "अनध्यायाला वेद म्हणायचा नाही. पाढे म्हणू नयेत असं कुठल्या सूत्रात आहे, ते तुमच्या मास्तरांनी मला दाखवावं." गालात हसत होते. मला वाटतं, त्यांना कमी ऐकू येतं पण कळतं सगळं. आगऱ्यांची मुलं शेजारी बसतात हेही सांगितलं. त्यावर म्हणाले, घरी आल्यावर आंघोळ घाला आणि मला पुन्हा सांगू नका.

मग यांना सांगितलं. दुपारी, जेवण झाल्यावर. मांजरांचं, तांब्याचं, नारळाचं. हे विडा करत होते, तो हातातच राहिला. सगळं झाल्यावर म्हणाले, "असं होय." आणि टोपी घालून शाळेत गेले. माझ्याशी आठवडाभर चांगलं वागले, त्याचीच जास्त धास्ती वाटली.

काल शास्त्रीबुवांच्या सूनबाई पाण्यावर भेटल्या. म्हणाल्या, तुमचे मास्तर रोज शाळेला जाताना आमच्या भिंतीपलीकडे छत्री टेकून उभे असतात, संथा संपेपर्यंत. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मुलांना नाही. रात्री यांना मी काही विचारलं नाही. यांनीच विचारलं, "दिगंबरचा आवाज एवढा मोठा आहे?" मी म्हटलं, होता पहिल्यापासून.

चौदशीला हे स्वतः त्याला बंदरावर आणून सोडतील. त्याला सकाळी उठल्यावर लगेच खायला लागतं. पाण्याजवळ एकटा सोडू नकोस. होडी तू वल्हवू नकोस.

मंदाकिनी

*

डोंबिवली, पौष शुद्ध २

अक्का,

दिगू पोचला असेलच, आणि त्याने सगळं सांगितलं असेल, तरी माझंही ऐक. होडी महिपतने वल्हवली. मी नुसता बसून होतो, दिगू साक्षीला आहे.

पहिल्या दिवशी तो गोठ्याच्या खांबाला टेकून उभा राहिला, बसेना. काळुराम त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "तू बसत का नाय? शेण काढलंय." दिगू बसला. पावकीत अडकला तेव्हा त्याने चटकन हात पुढे केला, तळवा वर करून. मला आधी कळेना. पोरांनाही कळलं नाही. तान्या म्हणून एक आहे त्याने त्याच्या तळव्यावर चिंच ठेवली. सगळे हसले, दिगूही हसला, मग चिंच चोखत त्याने पावकी पुरी केली. मी मधेच बाहेर जाऊन आलो, डोळ्यात धूर गेला होता. बाहेर धूर नव्हता.

संध्याकाळी हा सगळ्यांना संध्येची चोवीस नावं म्हणून दाखवत होता, एवढ्या मोठ्याने, की हौसाबाई बघायला आली कोण भांडतंय.

पोरं चौदा झाली. पण महिपत अजून बधत नाही. म्हणतो, "मास्तरचा पोर येतो, खातो, शिकतो, बरं हाय. पन अवसेला येणारा तो पाव्हणा. मी विचारलं त्याचं उत्तर मना कोणी दिलं नाय."

रघू

*

कल्याण, पौष वद्य ५

चि. रघुनाथ यास आशीर्वाद.

हे पत्र घरी न कळविता लिहीत आहे. खालील गोष्टींचा खुलासा व्हावा. चि. दिगंबर अंकगणितात चुकतो काय? चुकल्यास तुम्ही काय करता? तो चुकल्यावर त्याचा चेहरा कसा होतो? तो मला कधी काही विचारतो काय, म्हणजे माझ्याविषयी काही बोलतो काय? उत्तर शाळेच्या पत्त्यावर द्यावे.

गुरुदत्त

*

डोंबिवली, पौष वद्य ९

भाऊजी,

नमस्कार. चुकतो. सगळेच चुकतात. चुकला की बाकीचे सांगतात, त्यांचंही चुकतं, मग कोणाचं खरं यावर दंगा होतो, आणि तो मिटेपर्यंत बेरीज आपोआप होते. मी फारसं काही करत नाही. मला करता येतं असंही नाही.

चेहऱ्याचं म्हणाल तर आधी घाबरतो, आता कमी घाबरतो.

तुमच्याविषयी बोलतो. काळुरामला सांगत होता, माझे बाबा फळ्यावर हात न टेकता सरळ रेघ ओढतात, सगळ्या जिल्ह्यात कोणाला येत नाही.

रघुनाथ

*

डोंबिवली, माघ वद्य ११

अक्का,

डिपुटींचा निरोप आला. फाल्गुन शुद्ध तृतीयेला येणार. तृतीया. पाडव्याला आले असते तर काय बिघडलं असतं? पाडव्याला दिगू इथे असता. पोरं एकोणीस आहेत, पंचवीस लागतात. सहा घरं महिपतच्या तोंडाकडे बघतायत आणि महिपत खाडीकडे बघतोय.

दिगूला तृतीयेपर्यंत ठेवून घेतो. दोन दिवसांची संथा बुडेल, शास्त्रीबुवांना मी येऊन भेटतो, हवं तर ओरडून विनवतो. त्याला पहिल्या रांगेत बसवतो. लोकांना दिसेल, डिपुटींनाही दिसेल. नाही म्हणू नकोस. इतका एका जागी मी आयुष्यात राहिलेलो नाही अक्का, आणि मला हे मोडू द्यायचं नाही.

रघू

*

कल्याण, माघ वद्य १४

रघू,

दिगू या होडीने येतोय, त्याच्याबरोबरच हे पत्र. पाडव्याला त्याला परत पाठव.

हे नाही म्हणाले. मी पुष्कळ सांगितलं, तुझ्यासाठी भांडलेच म्हण. हे म्हणाले, "आजवर त्याला मी लोकांना दाखवण्यासाठीच उभा केला. आता पुन्हा नाही."

पण तृतीयेला यांनी रजा घेतली आहे. काय करणार ते मला सांगितलेलं नाही. इस्त्रीचा अंगरखा काढून ठेवलाय.

मंदाकिनी

*

डोंबिवली, फाल्गुन शुद्ध ४

अक्का,

भाऊजींनी घरी येऊन काय आणि किती सांगितलं असेल मला ठाऊक नाही. मी सगळं सांगतो.

काल सकाळी डिपुटी आले. गोठ्यात एकोणीस पोरं, तोंडं धुतलेली. दाराबाहेर सगळा गाव. भाऊजी आधीच चालत येऊन पोचले होते, अंगरख्याला गुडघ्यापर्यंत चिखल. डिपुटींनी त्यांना ओळखलं, म्हणाले, "हेडमास्तर, तुम्ही इथे?" भाऊजी म्हणाले, "बघायला आलो."

डिपुटींनी पोरं मोजली. मी म्हटलं, आणखी सहा येणार आहेत. ते म्हणाले, "येणार असलेली मला मोजता येत नाहीत." आणि घोडा आणायला सांगितला.

तेवढ्यात महिपत पुढे झाला. डिपुटींना रामराम घातला, पण बोलला भाऊजींशी. "मास्तर, तुमचा पोर आज कुठंय?"

"पाठशाळेत."

"सरकारी शाळेत का नाय? तवा तुम्ही बोललाव, आईचा नवस. आज पन तेच बोला, मी मुकाट जातो."

अक्का, मी डिपुटींच्या तोंडाकडे बघत होतो. सरकारी हेडमास्तरचा मुलगा पाठशाळेत जातो हे त्यांनाही नवीनच होतं. भाऊजींची नोकरी त्यांच्या एका शेऱ्यावर आहे. मी मधे पडून काहीतरी सांगणार होतो, काय सांगणार होतो देव जाणे. भाऊजींनी हात करून मला थांबवलं.

म्हणाले, "नवस नव्हता. मी त्याला मारत होतो. माझा मुलगा म्हणून लाड करतो असं कोणी म्हणू नये, म्हणून वर्गात कोणाचीही चूक झाली तरी पहिली छडी त्याला. तो बोलायचा बंद झाला. त्याच्या आईने त्याला उचलून जिथे मारत नाहीत तिथे नेऊन बसवलं. शाळा वाईट नाही. तिथला मास्तर चुकला."

डिपुटी चष्मा पुसत राहिले.

महिपत म्हणाला, "आता मारता?"

"माघापासून नाही. कोणालाच नाही. अवघड जातं."

"आन् पोरं ऐकतात?"

"थोडी कमी ऐकतात," भाऊजी म्हणाले. "पण आता मांजरं ओरडत नाहीत."

हे काय ते महिपतला कुठून कळणार. तो सरळ खाडीकडे चालत गेला. मी म्हटलं, संपलं. डिपुटींनी रिकिबीत पाय घातला. तर महिपत परत आला, काळुरामला दंडाला धरून. पोर होडीत जाळं सोडवत होतं, तसंच उचललं होतं, पोटऱ्यांना चिखल. त्याला तक्त्यासमोर बसवलं, मग परत जाऊन धाकट्या पोरीलाही आणलं. हौसाबाई म्हणाली, "तिचं काय काम?" महिपत म्हणाला, "बसूं दे. कोण मारनार नाय."

डिपुटींचा एक पाय अजून रिकिबीतच होता. तो त्यांनी काढला. उरलेल्या घरांतली पोरं आली ती धापा टाकत आली. पंचवीसवर दोन झाली. डिपुटींनी नावं लिहून घेतली आणि भाऊजींना एवढंच म्हणाले, "हेडमास्तर, तुमच्या शाळेवर मी पुढल्या महिन्यात येतो. त्या वेळी मुलांना तुम्हीच प्रश्न विचारा, मी मागे बसेन." हे चांगलं की वाईट, मला कळलं नाही. भाऊजींना विचारलं, तर म्हणाले, त्यांनाही कळलं नाही, पण घोड्यावर बसताना डिपुटी हसत होते.

भाऊजी महिपतच्या ओटीवर पाणी न पिता बसले, आणि मग काय वाटलं कोणास ठाऊक, एक शहाळं मागून घेतलं. मला म्हणाले, चैत्रात दिगंबरला मी विचारणार आहे, कुठे बसायचं ते. तो म्हणेल तसं. मी म्हटलं, तो दोन्हीकडे म्हणेल. ते म्हणाले, मग दोन्हीकडे. पुढे म्हणाले, मला पावकी त्याला स्वतः शिकवावीशी वाटते, पण आधी विचारीन.

जाताना खडू घेऊन त्यांनी आमच्या फळ्यावर हात न टेकता एक रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पोरं नुसती बघत राहिली. ती पुसायची नाही असं ठरलंय, म्हणून आम्ही आता तिच्या खालीच लिहितो.

पक्का मास्तर नेमून येईपर्यंत शाळा मीच चालवायची असं डिपुटी सांगून गेलेत. मी कसाऱ्याकडे जायचं मनात आणलं होतं, घाटातला रेल्वेचा बोगदा बघायला. तो कुठे पळत नाही. नवा मास्तर आला की बघू. महिपत म्हणतो, नवा आला तरी तू पोरांना होडी शिकव, पन आधी तू शीक.

यापुढे पत्र महिपतच्या नावावर टाकू नकोस. पत्ता असा घाल:

रघुनाथ, सरकारी मराठी शाळा, डोंबिवली.